ऊन बंद होत नव्हतं

वानर पडलं तेव्हा मी गच्चीच्या जिन्यात होते, दाराच्या दोन पायऱ्या खाली. आवाज फार मोठा नव्हता. ओलं पोतं वरून टाकावं तसा. टाकीवरचं झाकण वाऱ्यानं उडालं असेल असं वाटून मी वर आले आणि दारातच थांबले. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपाखाली ते आडवं पडलं होतं. काळं तोंड आभाळाकडे, एक हात वर ताठ झालेला, पाइप अजून धरूनच असल्यासारखी बोटं वळलेली. मागचा पाय सोलरच्या सांगाड्याला टेकलेला होता आणि त्या पायाच्या केसांतून बारीकसा धूर निघत होता.

चिखलदऱ्यात वानरांचं काही नवल नाही. आमच्या हॉटेलच्या आवारात ती माणसांहून जास्त असतात. झाडावरून पडून मेलेलं वानरही मी पाहिलं होतं. पण धूर निघणारं पाहिलं नव्हतं.

मग मला दिसलं की सोलरच्या पहिल्या दोन रांगांमधल्या बोळीच्या तोंडाशी एक काळी केबल लोंबते आहे. वानरांनी ती क्लिपांतून उपसून काढली होती. तिचं कातडं दोन ठिकाणी सोललेलं होतं, आतली तांब्याची तार सांगाड्याच्या लोखंडाला टेकत होती आणि टेकली की तिथे निळसर ठिणगी उमटत होती. भर दुपारच्या उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणतात. ही दिसत होती. जळक्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला.

आणि त्याच बोळीच्या दुसऱ्या टोकाला, पाटावर, माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

आमचं हॉटेल कोरांटी माझ्या सासऱ्यांनी उभं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा-वीस खोल्यांचं, बऱ्यापैकी चालणारं हॉटेल होतं. अडचण एकच. वारा सुटला, पाऊस आला की घाटातली लाइन जायची आणि मग रात्र-रात्र जनरेटर. अकोला-नागपूरहून माणसं जंगलाची शांतता ऐकायला यायची आणि खिडकीखाली ही धडधड ऐकून सकाळी निघून जायची. प्रशांत, माझा नवरा, सोलरचं फार मनावर घेऊन होता. गच्चीभर पॅनेल बसवायचे, पंखे, दिवे, पाण्याचा पंप, गरम पाणी, सगळं उन्हावर. आराखडा झाला आणि त्याला कावीळ झाली. ती साधी म्हणता म्हणता तो गेला. पुढच्या वर्षी मी ते पॅनेल बसवले. जनरेटर मागच्या शेडमध्ये झाकून टाकला. हॉटेल तगलं ते त्यामुळे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आईंना ते रुचलं नव्हतं. मी सासूबाईंना आई म्हणत असे. त्यांचं नाव गिरजाबाई. गच्ची ही त्यांची जागा होती. उन्हाळ्यात तिथे त्यांच्या कुरड्या, सांडगे, ज्वारीचे पापड वाळत घातलेले असायचे. चार रांगा पॅनेल आल्यावर त्यांना मधल्या बोळ्या उरल्या. त्या बोळ्यांतून जुनी लुगडी अंथरून त्यांनी आपलं काम चालूच ठेवलं. मला त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तशाही आम्ही एकमेकींशी फारसं बोलत नव्हतो.

त्याचं कारण सोलर नव्हतं. प्रशांतच्या वर्षश्राद्धाला, पाहुण्यांनी ओसरी भरलेली असताना, त्या माझ्या वडलांना म्हणाल्या होत्या, “हिचं वय काय हाये? हिनं इथं काऊन सडावं? घेऊन जा हिले.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नवरा गेला तशी आता मी पण या घरात नको, एवढाच त्याचा अर्थ मला लागला. मी गेले नाही. हॉटेल हातात घेतलं. पण त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं होतं, कानाचं मशीन लावायला त्या तयार नव्हत्या, त्यामुळे न बोलणं सोपं गेलं. जेवायला बोलवायचं तरी समोर जाऊन उभं राहावं लागे आणि हातानं खूण करावी लागे.

त्या दिवशी मी त्यासाठीच वर चालले होते. खाली लॉनवर अकोल्याच्या एका लग्नाची पंगत बसली होती. सकाळपासून माझा पाय जमिनीला लागला नव्हता. आईंनी काही खाल्लं नाही, त्या वर उन्हात आहेत, असं रत्नानं सांगितलं. रत्ना खोल्यांची व्यवस्था बघायची. मी चिडूनच जिना चढले होते.

आता मी दारात उभी होते आणि पाय उचलत नव्हता.

त्या बोळीच्या तोंडाकडे वळून, माझ्याकडे जरा तिरप्या बसल्या होत्या. उन्हासाठी पदर कपाळावरून पुढे ओढलेला, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. समोर कुरड्या. दोन्ही बाजूंना, हात लांबवला की लागेल इतक्या जवळ, लोखंडी सांगाडा. आईंचे गुडघे गेलेले होते. बसल्या जागेवरून उठायचं तर हाताशी येईल त्याचा आधार घ्यायच्या. खाली ओट्याचा, दाराच्या चौकटीचा. वर गच्चीवर त्या सांगाड्याचाच आधार घेत. मी कितीदा पाहिलं होतं. डावा हात आडव्या पट्टीवर, उजवा उभ्या पायावर, आणि “रामा” म्हणून उठायचं.

हाक मारून उपयोग नव्हता. पुढे जायचं तर बोळीच्या तोंडाशी ती तार होती, आणि टाकी भरून सांडत होती. लग्नासाठी सकाळपासून पंप चालू होता. ते पाणी गच्चीच्या उतारानं त्याच बोळीत शिरलं होतं आणि फरशीवरून बोटभर ओघळ होऊन हळूहळू पाटाकडे सरकत होतं.

मी जिन्यातच मागे वळून ओरडले, “बेठेकरभाऊ, मेन बंद करा. सगळं बंद करा आधी.”

बेठेकर कोरकू आदिवासी, सासऱ्यांच्या वेळेपासून हॉटेलात कामाला. का, कशाला, असं विचारणारा माणूस नव्हे. लगेच खटका पडल्याचा आवाज आला. लॉनवरची गाणी तुटली, पंप थांबला, खोल्यांचे पंखे थांबले. पंगतीतून कुणीतरी शिट्टी मारली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि पुढे पाऊल टाकायला चप्पल सरळ केली.

त्या शांततेत मला ऐकू आलं. तट्. तट्. तट्.

तारेची ठिणगी तशीच पडत होती.

मला आजही सांगता येणार नाही की त्या क्षणी मला नेमकं काय झालं. आपण लहानपणापासून एक धरून चालतो की मेन पाडला की वीज मरते. मी मेन पाडला होता आणि ती मेली नव्हती.

गच्चीच्या दारापाशी मोबाइलला रेंज येत असे, आमच्या आवारात तेवढ्याच जागी. मी हर्षल देशभ्रतारला फोन लावला. अमरावतीचा इंजिनियर, आमचं सोलर त्यानंच बसवलेलं. वानर, तार, आई, पाणी, मेन पाडला, सगळं उलटसुलट सांगितलं.

 तो म्हणाला, “मॅडम, कुणी सांगाड्याला हात लावू नका. आत जाऊ नका.”

“पण मी मेन पाडलाय.”

“मेननं खालची वीज बंद झाली. पॅनेल वीज बनवतच राहतात. ऊन आहे तोवर ते बंद होत नाहीत. त्याला बटण नाही.”

“मग काय करू मी?”

“अर्थिंग नीट असतं तर सांगाड्यात करंट राहिला नसता. ते तुटलेलं दिसतंय. मी निघतो, पण मला घाट चढून यायला वेळ लागेल. तोवर पॅनेल झाका. उजेड बंद करा. सगळे झाका. कोरड्या कापडानं, लांबून. हात न लावता.”

मी वर पाहिलं. मे महिन्याचं आभाळ, डोंगरावरचं, धुतल्यासारखं. एकही ढग नव्हता. त्या उन्हासाठी मी देवाचे आभार मानत आले होते. खाली रस्त्यावरच्या पाटीवर लिहून घेतलं होतं, की इथे सगळं उन्हावर चालतं.

बेठेकर वर आले. त्यांनी वानर पाहिलं, तार पाहिली, मग आईंना पाहिलं, आणि पायातल्या वहाणा घट्ट केल्या. मी त्यांना कापडं आणायला पिटाळलं. रत्ना आणि तिच्या बाया धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन धावत आल्या. हाताला तेच आधी लागलं होतं. जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर शिडीनं चढता येत होतं आणि तिथून पहिल्या दोन रांगांवर कापड टाकता येण्यासारखं होतं. बेठेकर चढले. चादरी एकामागून एक पसरल्या. पांढऱ्याशुभ्र चादरींनी दोन रांगा झाकल्या गेल्या.

तट्. तट्. तट्.

ऊन चादरीतून आरपार जात होतं. खालच्या पॅनेलची निळी चौकट न् चौकट दिसत होती.

तेवढ्यात लग्नातली पुरुषमाणसं जिन्यात आली. गच्चीवर आग लागली अशी बातमी खाली पोचली होती. दोघांच्या हातात पाण्याच्या बादल्या होत्या. मी दारात आडवी झाले. “पाणी नको,” एवढंच म्हणत राहिले. पुढच्या माणसाला ते पटत नव्हतं. तो मला बाजूला सारून पुढे यायला बघत होता. बादली हिंदकळली आणि माझ्या पायावर पाणी पडलं. त्याच्या मागून एका उंच, पांढऱ्या मिशांच्या माणसानं त्याचा खांदा धरला आणि त्याला मागे ओढलं. ते नवरीचे मामा, बारब्दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गच्चीवर पाहिलं, आणि विचारलं, “बाई, काय पायजे ते सांगा.”

मी सांगितलं. जाड, काळं, कोरडं, जे मिळेल ते. खोल्यांचे जाड पडदे. रजया. पंगतीच्या सतरंज्या. आणि मांडवाचे कोरडे बांबू.

खाली काय झालं ते मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. पंगत उठली. मांडवाचा मागचा भाग सोडून बांबू काढले. नवरीच्या मावश्यांनी खोल्यांतले पडदे कड्यांसकट ओढून उतरवले. थंडीत पाहुण्यांना द्यायच्या रजयांचं कपाट उघडलं. जिन्यात माणसांची साखळी लागली आणि एकेक जड गठ्ठा हातोहात वर येऊ लागला. कुणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. ऐकू न येणाऱ्या बाईसमोर सगळे हळू बोलत होते.

माझी नजर आईंवरून हलत नव्हती. आता त्या कुरड्याही उलटत नव्हत्या. दोन्ही हात मांडीत, मान खाली. मला वाटलं, उन्हानं डोळा लागला. आणि त्याच वेळी दुसरा विचार आला, की डोळा लागला तर तोल जाईल. डावीकडे गेला तरी लोखंड, उजवीकडे गेला तरी लोखंड. पाणी पाटाच्या पायाशी पोचलं होतं. पाट लाकडी होता, चार खुरांचा, माझ्या सासूबाईंच्या माहेरून आलेला. त्यावर त्या पाय दुमडून बसल्या होत्या. एक पाय खाली सोडला की ओल्या फरशीवर पडणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, पाय नका सोडू, आई, पाय नका सोडू. मग कळलं की ते मी तोंडानं म्हणते आहे.

बेठेकर वरून पडदे टाकत होते आणि बारब्दे मामा बांबूनं ते पुढे सरकवत होते. पॅनेलवर बांबू, बांबूवर पडदा, आणि हात लोखंडापासून लांब. पहिली रांग काळी झाली. दुसरी अर्धी झाली. तट् तट् थोडी मंदावल्यासारखी वाटली, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

मग वारा आला. डोंगरावरचा दुपारचा वारा, दरीतून वर येणारा. एक पडदा फुगला, पॅनेलवरून उचलला गेला आणि बोळीवरून तरंगत जाऊन आईंच्या अगदी पुढ्यात कुरड्यांवर पडला.

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. विचार करून नाही. शरीरच गेलं.

आणि आईंचा डावा हात वर उठला.

सांगाड्याच्या पट्टीच्या बाजूचा हात. कोपरातून वर आला, पंजा उघडला. आता त्या पट्टी धरणार आणि उठणार. मी जागच्या जागी थिजले. माझ्या हालचालीनंच त्या दचकल्या, आणखी एक पाऊल टाकलं तर त्या उठतीलच, असं मनात आलं आणि मी पाय मागे घेतला. उंबऱ्याच्या आत. हात तसाच हवेत राहिला. मग सावकाश खाली गेला आणि पुन्हा मांडीत पडला.

बारब्दे मामांच्या घशातून कसला तरी आवाज निघाला. ते भिंतीला टेकले, कपाळ पुसलं आणि पुन्हा बांबू उचलला.

त्यानंतर पडद्यांवर सतरंज्या टाकल्या, वारा उचलणार नाही अशा. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेपर्यंत जिन्याच्या खोलीवरून हात पोचत नव्हता. बेठेकर टाकीच्या कट्ट्यावर गेले, मेलेल्या वानराच्या डोक्यावरून, लोखंडी पाइप टाळत, आणि तिथून त्यांनी रजया फेकल्या. एक रजई चुकून तारेच्या तोंडाशी गेली. कापूस धुमसायला लागला. काळा धूर सरळ वर चढला आणि मग वाकून बोळीत, आईंच्या अंगावर गेला. त्या खोकल्या. खांदे हलताना मला दिसले. पण जागेवरून हलल्या नाहीत. मामांनी बांबूच्या टोकानं ती रजई उचलून गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात भिरकावली. तिथे ती जळत राहिली.

शेवटच्या रांगेवर शेवटची रजई पडली. एवढी मोठी गच्ची अंथरुणं घातल्यासारखी दिसत होती.

आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो.

तट्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा अगदी बारीक, आणि मग नाहीच.

फोन चालूच होता. हर्षल गाडीतून बोलत होता. त्यानं विचारलं, ठिणगी दिसते का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तरी लोखंडाला हात लावायचा नाही. कोरड्या बांबूनं तार बाजूला करा. रबरी चप्पल घाला. एकानंच आत जा. त्यांना सरळ उभं करा, बाजूला कलू देऊ नका.

बेठेकर पुढे झाले. मी त्यांना थांबवलं. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. आईंना उठवताना त्या कुठे हात टाकतात, कसा भार देतात, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी धरलं असतं तर त्यांनी सवयीनं पट्टीच धरली असती.

मामांनी बांबूनं तार उचलून धरली. मी तिच्याखालून वाकून बोळीत शिरले. दोन्ही हात छातीशी धरले होते, साडीचा काठ गुंडाळून कमरेत खोचला होता. चपलेखाली पाणी चुबचुब वाजत होतं. दोन्ही बाजूंचं लोखंड अंगावर येतंय असं वाटत होतं. मी रोज इथून जात असे, पॅनेल पुसून झाले का ते बघायला. बोळी एवढी अरुंद आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. दर पावलाला वाटायचं, आता. आता काहीतरी होणार.

मी त्यांच्यासमोर पोचले. खूण करावी म्हणून हात वर केला. त्याच्या आधीच त्यांनी मान उचलली. डोळे टक्क उघडे होते. झोपेचा मागमूस नव्हता. ओठ कोरडे पडून फाटले होते.

त्या म्हणाल्या, “हात नोको लावू त्याले.”

मी त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना सरळ वर उचललं. त्यांनी माझी मान धरली. पट्टीकडे हात गेला नाही. केवढ्याशा होत्या त्या! तशाच, पाय फरशीला न लावता, लहान मुलाला आणावं तसं मी त्यांना बोळीतून बाहेर आणलं. दारात बायांनी त्यांना माझ्या हातातून घेतलं. मग मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला उलटी झाली.

हर्षल संध्याकाळी पोचला. हातमोजे घालून त्यानं एकेक जोड सोडवला. टाकीमागे अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती, ती दाखवली. तपासणीला आपलाच माणूस आला होता आणि त्यानं तिकडे पाहिलंच नाही, हे त्यानं स्वतःहून सांगितलं, मान खाली घालून. पुढे त्यानं सगळी वायरिंग लोखंडी नळ्यांतून घेतली, वानरांसाठी जाळी बसवली, आणि गच्चीवरच पॅनेल तुकड्या-तुकड्यांत तोडता येतील असे खटके घातले. कोरांटी आजही सोलरवर चालतं. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी लग्नाची माणसं आमच्याच स्वयंपाकघरात शिरून आम्हाला जेवायला वाढायला निघाली होती. मी त्यांना लॉनवर पाठवलं. आत आम्ही दोघीच राहिलो. आईंना भिंतीला पाठ लावून बसवलं होतं. गुडघ्यांना तेल चोळलं होतं. मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि माझंही घेऊन बसले. कित्येक महिन्यांत आम्ही समोरासमोर जेवायला बसलो नव्हतो.

दोन घास झाल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, जरा मोठ्यानं.

“वांदर पडलं तवाच पाह्यलं म्या. पाइपाले हात लावला अन् पडलं. मले समजलं, आता उठाचं नाही.”

मी घास हातात धरून बसले.

“अन् मंग डोळ्याच्या कोपऱ्यातून तुही पिवळी साडी दिसली. दारात.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “म्हटलं, आता इकडं पाहाचंच नाही. नजरानजर झाली का ही येते धावत.”

त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. मी ज्याला डोळा लागणं समजत होते, ते त्या स्वतःला धरून ठेवणं होतं. तेवढ्या उन्हात, धुरात, दुखऱ्या गुडघ्यांवर.

मी हातानं खुणा करत विचारलं, आणि तोंडानंही विचारलं, की मग तो पडदा उडाला तेव्हा हात का वर केलात? माझा जीव गेला होता. वाटलं, धरलीत तुम्ही पट्टी.

“पट्टी काऊन धरीन मी?” त्या म्हणाल्या. “तुलेच दाखवला हात. तू निघाली होती ना. थांबवलं तुले.”

बाहेर लॉनवर कुणीतरी मांडवाचे बांबू पुन्हा पुरत होतं. ठोकल्याचा आवाज येत होता. त्यांना तो ऐकू येत नव्हता. त्या खाली बघून जेवत होत्या.

 मला कसला तरी राग आला होता, त्यांचा की माझा, ते कळत नव्हतं. एवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींना बघत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. मी त्यांच्या जवळ सरकले, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि विचारलं, “मग हाक का नाही मारलीत, आई? नुसतं ‘थांब’ म्हणायचं होतं मला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. धुरानं डोळे लाल झाले होते.

“थांब म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या, “तं थांबली असती काय तू?”